थुंकायचं राहून गेलं

आदरणीय पोलिक्सेनी मावशी,

तुझ्या भाच्याचे, लाम्ब्रोसचे, तुझ्या दोन्ही गालांवर मुके. तुझे गुडघे कसे आहेत? अक्रोड झोडून झाले का? धुराडं साफ करून घेतलंस का? (थंडी यंदा लवकर उतरली आहे, इकडे खाली शहरातसुद्धा.) आम्ही सगळे मजेत आहोत असं पत्राच्या सुरुवातीला लिहायचं असतं म्हणून लिहितो, मजेत कोणीही नाही. आईनं कालपासून अन्नाला हात लावलेला नाही. ती भिंतीकडे तोंड करून पडली आहे, आणि डॉक्टर म्हणतात की आज तिला पायांवर उभं केलं नाही तर छातीत कफ भरेल, आणि मग हाड कितीही छान जुळलेलं असलं तरी त्याचा उपयोग नाही. हे पत्र बसवाला अर्गिरिस तुझ्या हातात देईल. फोनच केला असता, पण गेली पाच-सहा वर्षं आमच्यापैकी कोणाचाही आवाज ऐकला की तू फोन ठेवतेस, अर्गिरिसच्या हातून मात्र काहीही घेतेस, अशी त्याची बढाई आहे. तो खाली इस्पितळाच्या आवारात हॉर्न वाजवतो आहे. वाजवू दे. पत्र घेतल्याशिवाय निघालास तर यापुढे माझ्या दुकानात तुला रंगाचा डबा मिळणार नाही, असं मी त्याला खिडकीतून सांगितलं आहे.

आई पडली ते तुला माहीतच आहे. अंगणात चादरी वाळत घालताना पडली. (शिडीवर चढून चादर कोण वाळत घालतं, असं तू विचारशील. ते नंतर.) रुग्णवाहिकेला गावातून फोन कोणी केला ते आम्हाला अजून समजलेलं नाही. म्हणजे, ड्रायव्हर म्हणाला की एका बाईनं त्याला "मेल्या, वाटेत कॉफीला थांबलास तर तंगडी मोडीन" असा दम भरला, आणि असा दम भरणारी बाई आपल्या गावात एकच आहे. पण ती जोवर कबूल करत नाही तोवर आम्हालाही समजलेलं नाही.

ऑपरेशन नीट झालं आणि आमचे हाल सुरू झाले. तुझी बहीण कशी आहे ते मी तुला काय सांगू? डॉक्टरांना तिनं "पोरा, आधी दाढी कर" म्हणून हाकललं, सूप आणणाऱ्या बाईला सूप परत नेऊन त्यात मीठ घालायला लावलं, आणि माझ्या बायकोनं, ख्रिसाव्गीनं, अंग पुसायला पाणी आणलं तर "अजून मेले नाही, आंघोळ कसली घालतेस" असं सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं ओरडली. मग स्तामातिया आली. ही तिथली सिस्टर. ठेंगणी, जाडजूड, चाळिशीची, चालताना डाव्या बुटाचा आवाज होतो. तिनं आईला काही विचारलं नाही की समजावलं नाही. पांघरुणाखाली हात घालून तिचे पाय चाचपले, गार लागले, तशी खुर्चीवर बसली, स्वतःच्या पायांतले लोकरी मोजे काढले आणि आईच्या पायांत चढवले. मावशी, जिनं अख्ख्या गावाला मोजे विणून घातले आणि स्वतः कधी कोणाचे घेतले नाहीत, ती तुझी बहीण इव्हान्थिया पायांची बोटं हलवून बघू लागली. मग म्हणाली, "टाचेला सैल विणलेत." सिस्टर म्हणाली, "बऱ्या व्हा आणि मला शिकवा." त्या दिवसापासून आई तिच्याच हातून खाते, तिच्याच हातून केस विंचरून घेते, डोंगरी चहा तिनं बशी झाकून आणला तरच पिते. आपली सुट्टी असली तरी ती एक चक्कर टाकून जाते. मी पन्नाशीचा माणूस आहे, सहजासहजी हळवा होत नाही (होतो, पण दुकानात होत नाही), तरी सांगतो, जे मला माझ्या आईसाठी करता आलं नाही ते ह्या परक्या बाईनं केलं, आणि तेही काही विशेष करत नसल्यासारखं.

आता उपकार फेडायचे कसे? ख्रिसाव्गीनं पालकाचं सारण भरलेली खारी पाठवली, ती सिस्टरनं सगळ्या वॉर्डात वाटली. चीज पाठवलं, तेही वाटलं. स्वतःसाठी काही ठेवेल तर शपथ. मग माझ्या डोक्यात आलं की तिच्या घराचं फाटक गंजलं आहे (पत्ता मी इस्पितळाच्या चहावाल्याकडून काढला होता), तर ती कामावर असताना आपण ते गुपचूप रंगवून टाकावं. निळा रंग घेतला, भारीतला, दोन हात मारले. शेवटचा ब्रश फिरवत होतो तेवढ्यात आतून पायजम्यातला एक गृहस्थ बाहेर आला आणि माझ्या फाटकाशी काय चाललंय म्हणून विचारू लागला. सिस्टरचं घर पुढचं. हा निवृत्त मास्तर, आणि त्याला निळा रंग सोसत नाही. फाटक पुन्हा तपकिरी करून देतो असं मी त्याला कबूल केलं आहे. पण मावशी, दृष्ट बाहेरच्या बाहेर परतवणारा तो निळा रंग योग्य फाटकावर गेला असता, तर पुढचं काहीच झालं नसतं, असं मला राहून राहून वाटतं.

कारण परवा आई कठडा धरून पहिल्यांदा उभी राहिली. क्षणभरच, पण राहिली. सिस्टरनं तिला कंबरेत धरलं होतं. आम्ही सगळे भोवती. आणि आमच्या तोंडाला काय सुटलं म्हणतेस! ख्रिसाव्गी म्हणाली, काय ताकद आहे हो तुमच्या अंगात! मी म्हणालो, अशी सिस्टर साऱ्या देशात सापडायची नाही. आईनं तर पलंगावर परत बसल्या बसल्या तिचे दोन्ही हात ओढून घेतले, चुंबले आणि मोठ्यानं म्हणाली, "सोन्याचे हात गं तुझे, सोन्याचे! देवानं असे दुसरे घडवले नाहीत." आणि कौतुकाला दृष्ट लागू नये म्हणून थुंकतात, तसं आम्ही कोणीही थुंकलो नाही. मी थुंकणार होतो, देवाशपथ. तोंड वळवलंसुद्धा होतं. पण समोर भिंतीवर पाटी, "थुंकू नये". मी गिळलं. ख्रिसाव्गी म्हणते तिनंही पाटी वाचून गिळलं.

काल सकाळी सिस्टर आली नाही. दुसरी आली आणि म्हणाली, स्तामातियाचा हात भाजलाय, घरी तळण करताना तेल उडालं. उजवा हात, मावशी. चुंबलेला.

आईनं ते ऐकलं आणि भिंतीकडे वळली. मग म्हणाली, "माझीच दृष्ट लागली." मी म्हणालो, दृष्ट निळ्या डोळ्यांची लागते म्हणतात, तुझे तर तपकिरी आहेत. तर म्हणते, "तपकिरी काय नि निळे काय. माया उतू गेली की लागते." एवढं बोलून पांघरूण डोक्यावर ओढलं. तेव्हापासून पाणीही नाही, आणि सिस्टरची दृष्ट उतरल्याशिवाय पाय जमिनीला लावणार नाही असा हट्ट. वॉर्डात दृष्ट काढणाऱ्या दोघी आहेत, पण आई म्हणते दृष्ट उतरताना काढणारीला येतात तसल्या जांभया त्यांना येतच नाहीत, त्यांच्या नुसत्या झोपेच्या आहेत. तिला तूच हवी आहेस.

तर मावशी, अर्गिरिस उभा असेल तोवर वाडग्यात पाणी घे, तेलाचा थेंब सोड, आजोबांनी तुला दिलेली ती गुप्त प्रार्थना म्हण आणि सिस्टरच्या नावानं दृष्ट काढ. नाव स्तामातिया, माणूस समोर लागत नाही हे तूच सांगायचीस. थेंब विरून दृष्ट ठरली का, जांभया किती आल्या, डोळ्यांना पाणी आलं का, ते अर्गिरिसला सांग, तो मला येऊन सांगेल. एवढंच मागणं आहे. दुसरं काही मागायचं मला तोंड नाही.

तुझ्या हातांना नमस्कार, आणि तुझ्या डोळ्यांनाही, रागावू नकोस.

तुझा
लाम्ब्रोस

ता. क. अर्गिरिस कंटाळून कॉफी प्यायला गेला, म्हणून हे लिहायला वेळ मिळाला. आत्ता सिस्टर येऊन गेली! रजेवर असून, हाताला हे एवढं बँडेज, काखेत सुपाचा डबा. आईला म्हणाली, "आजी, दृष्टबिष्ट काही नाही, मी बहिणीशी भांडत होते, कढईकडे लक्षच नव्हतं." आई पांघरुणातून म्हणाली, "मला वाईट वाटू नये म्हणून खोटं बोलतेस, पोरी." सिस्टरनं फणी काढली. डाव्या हातानं वेडेवाकडे केस विंचरत बसली, आणि हळूहळू पांघरूण खाली आलं. तीन-चार चमचे सूप गेलं. उभं मात्र राहायचं नाव नाही. जाताना सिस्टरनं मला दाराबाहेर ओढलं आणि कुजबुजली, "कढईकडे खरंच लक्ष नव्हतं हो. पण मावशींना म्हणावं, तरी काढूनच टाका."

आणखी एक. आता आई सांगते आहे आणि मी लिहितो आहे, त्यामुळे यातलं एकही अक्षर माझं समजू नकोस. ते डाळिंबाचं झाड मेलेलं नाही. तू त्या संध्याकाळी गच्चीतून "काय लगडलंय गं इव्हान्थिया!" म्हणालीस, थुंकली नाहीस, हिवाळ्यात ते वाळलं, आणि आईनं चर्चच्या अंगणात सगळ्या गावासमोर तुझ्या निळ्या डोळ्यांचं नाव घेतलं आणि तू बोलणं टाकलंस, ते झाड. पुढच्याच वसंतात बुंध्यातून फुटलं. तुला दिसू नये म्हणून ती त्याला चादरी घालते. थंडीसाठी वगैरे काही नाही. तीच घालताना शिडीवरून पडली. ती म्हणते, अर्गिरिसकडे निरोप देऊ नकोस. पुढच्या सीटवर बसून तू स्वतः ये. तू दारात दिसलीस की उभी राहीन, त्याआधी देवानं सांगितलं तरी नाही.

येताना चादर काढ आणि सिस्टरसाठी डाळिंबं तोडून आण. तुझ्या गच्चीकडच्या फांदीची तोड. दरवर्षी त्याच बाजूची सगळ्यात मोठी होतात. तोडण्याआधी हवं तेवढं बघून घे, थुंकायची काही गरज नाही, असं तिनं मला दोनदा लिहायला लावलं आहे.