टेपवालीच्या फिती आणि धाकट्या जावेचे गाणे

मी, खाली डावा अंगठा उठवणारी, टेपरेकॉर्डर दुरुस्त करणाऱ्याची बायको, गल्लीत ‘टेपवाली’ म्हणून ओळखली जाणारी, पूर्ण शुद्धीवर राहून, कुणाच्याही धाकाशिवाय हे मृत्युपत्र सांगते आहे. मला अक्षर येत नाही. मी बोलते, वकीलबाई लिहितात. गुडघे सोडले तर सगळे ठणठणीत आहे. वय वकीलबाईंनी अंदाजाने घालावे, पण जरा कमीच.

१. राहते घर थोरल्या लेकाला आणि लेकीला समान. बँकेतली शिल्लक मात्र एकट्या लेकीला. वडिलांच्या आजारपणात अंघोळ तिने घातली, थोरल्याने फोनवरून सल्ले दिले.

२. यजमानांची हत्यारे, भिंगासकट, कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्याला. तो माझा फोन दर वेळी फुकट बघतो आणि दर वेळी एक स्क्रू कमी बसवतो.

३. फोन सुनेला. यजमान गेल्यावर घर अगदी मुके झाले होते. तेव्हा हीच म्हणाली, “सासूबाई, वाचता नाही आलं म्हणून काय झालं? बोलता तर भरपूर येतं.” मग मी फोनला तोंडाने मागू लागले. “संध्याकाळचं गाणं दे, बाईमाणसाचं, संथ,” म्हटले, तर त्याने केसगळतीचे तेल दाखवले. हळूहळू जमले. रागाचे नाव घ्यायचे आणि पुढे ‘जुनी घरगुती बैठक’ म्हणायचे. कुठल्या कुठल्या घरांतल्या लोकांनी आपापल्या फिती इंटरनेटवर सगळ्यांसाठी फुकट ठेवल्या आहेत. मध्येच कुणी खोकते, कपबशी वाजते. त्या खोकणाऱ्यांना मी आता ओळखते. माझी एकटीची दुपार त्यांनी भरून काढली, आणि एकानेही तिकीट विचारले नाही.

४. म्हणून यजमानांनी घरच्या बैठकांत रेकॉर्ड केलेल्या, लोखंडी कपाटातल्या आमच्या सगळ्या फिती तशाच फुकट ठेवाव्यात. गाणाऱ्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना विचारून. हे काम सुनेने करावे. थोरल्याने फिती विकत घेणारी एक कंपनी बघून ठेवली आहे. तो म्हणतो, “आई, फुकटच्या गोष्टीला किंमत नसते.” मी म्हटले, “तुला नऊ महिने फुकटच वागवलं रे.”

फितीखाली नुसते आकडे लिहू नयेत. माझ्यासारखीने तोंडाने मागितले तर सापडेल, असे बोलीतले शब्द लिहावेत.

५. राहिली एक फीत. तिच्यावर माझी धाकटी जाऊ गायली आहे, ह्याच खोलीत. रंगात आली आणि आत तिचे तान्हे रडू लागले. ती तंबोरा माझ्या हाती देऊन उठली, पोराला घेऊन आली आणि पुढे गायली. त्या रात्री आमच्या सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, “पोर टाहो फोडतंय आणि आई ताना घेतेय.” त्यानंतर जाऊ गायली नाही. फीत पुसा म्हणून मागे लागली, आम्ही पुसली नाही, तर तिने आमचा जिना चढणेच सोडले. आज साक्षीदार हवी म्हणून बोलावली आहे. समोरच्या खुर्चीत फुगून बसली आहे. आमचे बोलणे वकीलबाईंनी जसेच्या तसे लिहावे.

“पुसली का ती?”

“नाही.”

“भावजींना हज्जारदा सांगितलं होतं मी!”

“ते गेले. आता माझ्याशी भांड.”

“जाऊबाई, जगाला ऐकवणार तुम्ही माझी शोभा?”

“तू नाही म्हणालीस तर नाही. फीत घरी ने, चुलीत घाल. पण आधी एकदा ऐक.”

“नको.”

“गुडघे धरून जिना चढलीस ना? मग बस गुपचूप.”

सुनेने मशीन लावले. वकीलबाईंनी पेन खाली ठेवले. फितीत पोर रडले, जावेने पदर तोंडाला लावला. मग नुसता तंबोरा, माझ्या हातचा, जरा बेसूरच. मग फितीतली ती परत आली, गाऊ लागली, आणि शेवटपर्यंत गायली.

“रडत नाहीये,” जाऊ म्हणाली.

“कोण?”

“तो. मी परत आले तसा गप्प झालाय. पुढं कुठंच रडत नाहीये. मला इतकी वर्षं वाटायचं, तो रडतोय आणि मी गातेय.”

“मग? सगळ्यांसाठी टाकू?”

“टाका. आणि कापू नका कुठं. त्याचं रडणंही राहू दे आणि थांबणंही.”

सबब ही फीतही सगळ्यांची झाली. जावेच्या वाट्याला माझ्याकडून काहीच येत नाही, म्हणून ती साक्षीदार होऊ शकते, असे वकीलबाई म्हणतात.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. माझेच बोलणे आहे. मान्य आहे.

ठिकाण : राहते घर, पुढची खोली
दिनांक : ८ नोव्हेंबर २०२५, शनिवार

निशाणी डावा अंगठा : टेपवाली

साक्षीदार १ : मजकूर लिहून घेणाऱ्या वकीलबाई (सही)

साक्षीदार २ : धाकटी जाऊ (सही). सही करून तिने फीत पुन्हा लावायला सांगितली, ती फक्त खात्रीसाठी, असे तिने लिहायला लावले आहे.