डेफिनेटलीचा अर्थ आणि लातूरचे पाहुणे

२ मार्च, रविवार. नांदेड.
डेफिनेटली या शब्दाचा लोकांनी पार मुडदा पाडलाय. माझ्या स्पोकन इंग्लिश क्लासची पोरं म्हणतात, डेफिनेटली येतो सर. येत नाहीत. प्लंबर म्हणतो, डेफिनेटली येतो. नळ गळतोच आहे. अरे गाढवांनो, डेफिनेटली म्हणजे शंका संपली!
संकल्प : जो चुकीचा वापरेल त्याला जागेवर टोकायचं. लहानथोर बघायचं नाही.

६ मार्च.
रविवारी लातूरला मुलगी बघायला जायचंय. मंजुश्री, बँकेत आहे. पंचाक्षरीमामांनी स्थळ आणलंय. आई म्हणाली, वैजनाथा, चौतिशी आली तुझी, तिथं तरी मास्तरकी करू नको बाबा. आईचं काहीतरीच. फोटो मात्र मी चारदा बघितला. हे जमावंच. मनापासून वाटतंय.

९ मार्च, रविवार. परतीच्या बसमध्ये.
मोहीम फत्ते! मंजुश्री फोटोपेक्षा छान. चुरमुऱ्यांचा सुशीला देताना हसलीसुद्धा. तिचे वडील शिवराजअप्पा म्हणाले, पुढच्या रविवारी घर बघायला बहुतेक डेफिनेटली येऊ. बहुतेक अन् डेफिनेटली, एकाच वाक्यात! अडाणीपणाची हद्द झाली. समजावून सांगितलं. डेफिनेटली म्हणजे शंका संपली, असं चारचौघांत त्यांच्याकडून म्हणवूनही घेतलं. अप्पांनी हातातली बशी खाली ठेवली. इम्प्रेस झाले. मंजुश्री उठून आत गेली. लाजली. मामांनी माझ्या पायावर पाय दिला. वय झालं, तोल जातो.
निघताना अप्पा म्हणाले, डेफिनेटली येऊ. बहुतेक गाळलं! माणूस सुधारतो, शिकवणारा पाहिजे.

१४ मार्च.
लातूरचा फोन नाही. कशाला पाहिजे? आई म्हणून राहिली, आपल्याकडं तोंडावर कुणी न्हाई म्हणत न्हाई, येतो येतो म्हणतात अन् गप बसतात. आईला इंग्रजीचा गंध नाही. तिला काय सांगणार, कप्पाळ!

१६ मार्च, रविवार.
सकाळी : नवे पडदे लावले. आईनं शिरा केला.
दुपारी : लातूर काय जवळ आहे का? वेळ लागणारच.
संध्याकाळी : एसटी बंद पडली असणार. हे महामंडळ सुधारायचं नाही. शेजारच्या गुणाबाई डोकावून गेल्या, पाहुणे आले का विचारत. भोचक बाई. शिरा गार झाला.

१७ मार्च.
मामांचा फोन. मंजुश्रीनं त्याच दिवशी, आत गेल्या गेल्या नाही म्हणून सांगितलं होतं. अप्पा म्हणाले म्हणे, पोरीच्या परीक्षा कवाच संपल्यात, आता घरात मास्तर कशाला?
लई वाईट वाटलं. जेवलो नाही.
तरी आईला म्हणालो, चूक अप्पांचीच, यायचंच नव्हतं तर डेफिनेटली म्हणायचं नाही. आई म्हणाली, पुढच्या ठिकाणी मी एकटीच जाते, तू नुसता फोटो दे.
कोणता देऊ, विचारलं.
तोंड मिटलेला, म्हणाली.