एका विद्यार्थ्याचे म्हणणे

सोमवार, दिनांक ९ फेब्रुवारी २०२६, दुपारचे दोन वाजून चाळीस मिनिटे. कायदा शिकणाऱ्या एका मुलाच्या पुस्तकाला खळ लावून ते मी आत्ताच शिकंज्यात आवळले आहे. खळ वाळायला चार तास लागतात. तेवढ्यात हे लिहून पुरे करायचे आहे, कारण उद्या सकाळी मला इस्पितळात दाखल व्हायचे आहे आणि परवा आठ वाजता माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. शंभरातले पंचाण्णव लोक उठून घरी जातात, असे डॉक्टर म्हणाले. मी उरलेल्या पाचांचा विचार करणारा माणूस आहे.

मी, खाली सही करणारा, वय वर्षे सव्वीस, धंदा पुस्तकबांधणी, शिक्षण इयत्ता सातवी अपूर्ण अधिक इयत्ता आठवी नऊ दिवस, अविवाहित, पूर्ण शुद्धीत राहून आणि कुणाचेही दडपण नसताना हे लिहितो. दडपण आणणारी माणसे या वेळी घरी जेवून झोपलेली असतात. आजवर माझ्या नावाने जे कागद झाले ते दुसऱ्यांनी लिहिले आणि त्यांनी बोट दाखवले तिथे मी सही केली. हा माझा पहिला कागद. खाडाखोड झाली तर शेजारी बारीक सही करीन.

कलम १. मी गेल्यावर आठ दिवसांच्या आत दुकानाच्या मालकांनी हा कागद दुकानातच मोठ्याने वाचावा. समोर माझे वडील, वकीलसाहेब, माझी ताई आणि ताईची सात वर्षांची मुलगी मुंगी, एवढेच असावेत. मध्ये कुणी बोलू नये. बाबा बोलतीलच. तेव्हा मालकांनी थांबावे, त्यांचे बोलून झाले की ते कलम पहिल्या शब्दापासून पुन्हा वाचावे. कितीही वेळा. अंमलबजावणीही मालकांनीच करावी. ते साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला मृत्युपत्रात काही ठेवता येत नाही, म्हणून त्यांना काही ठेवलेले नाही. त्यांनी राग मानू नये.

कलम २. मुंगी मोठी झाल्यावर हे वाचेल, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

मी सातवीत असताना शाळेच्या प्रयोगशाळेतल्या कपाटाची काच फुटली. दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना माझे नाव आले नाही. मुख्याध्यापकांनी ते पटावरून काढले होते. मला त्यांनी बोलावले नाही, काही विचारले नाही. बाबांचे कुलूपकिल्ल्यांचे दुकान होते. ते शाळेत गेले तेव्हा मुख्याध्यापकांनी त्यांना उभेच ठेवले आणि कारकुनाकडे बघून म्हणाले, "किल्लीवाल्याच्या पोराला कुलूप उघडायचा कंटाळा येतो वाटतं. थेट काचच फोडतो." कारकून हसला. बाबा त्या हसण्यावरून तडक वकीलसाहेबांकडे गेले, आणि पुढची अकरा वर्षे तिथून आलेच नाहीत.

दावा तीन न्यायालयांतून गेला. आम्ही जिंकलो. कोणत्याही मुलाचे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय कोणत्याही शाळेला त्याचे नाव काढता येणार नाही, तो त्याचा हक्क आहे, असा निकाल झाला. मी लहान होतो म्हणून नाव गुप्त ठेवले. त्यामुळे निकालाचे नाव 'एक विद्यार्थी विरुद्ध शाळा' असे आहे. एकसष्ट पाने आहेत. महाविद्यालयांत शिकवतात.

निकाल लागला त्या दिवशी मी तेवीस वर्षांचा होतो.

मधल्या काळात दुसऱ्या शाळेत का गेला नाहीस, असे मुंगी विचारील. आईनेही तेच विचारले होते. वकीलसाहेब म्हणाले, "वहिनी, पोर शाळेत बसलं की दावा बसला. ज्याला शाळा मिळाली त्याची तक्रार काय उरली? न्यायाधीश म्हणतील, जा घरी." बाबा म्हणाले, "दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे." दुसऱ्या वर्षी आईने गुपचूप मला गावाच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत आठवीत घातले. नऊ दिवस बसलो. नवव्या दिवशी बाबा वर्गाच्या दारात उभे राहिले आणि सगळ्यांसमोर मला म्हणाले, "चल. तुला शाळेत जायचा हक्क मिळवून द्यायचाय." त्या नऊ दिवसांत मी वर्तुळाचा परीघ शिकलो. क्षेत्रफळ दहाव्या दिवशी होते.

आई दाव्याच्या सहाव्या वर्षी गेली. तिचे शिलाई मशीन त्याआधीच वकिलाच्या फीसाठी विकले होते.

कलम ३. माझ्या पत्र्याच्या पेटीत सातवीच्या गणवेशाची अर्धी चड्डी आणि सदरा आहे. ते मी वकीलसाहेबांना ठेवतो. वर्तमानपत्रात फोटो द्यायचा झाला की वकीलसाहेब मला गणवेशात बोलावत. आई दर वर्षी शिवण उसवून वाढवत गेली. शिवणीत दुमडून ठेवलेली माया संपल्यावर बाजूला पट्ट्या जोडल्या. सोळाव्या वर्षी वकीलसाहेबांनी माझ्या ओठांकडे पाहिले आणि म्हणाले, "मिशी काढून ये रे, बारा वर्षांचा दिसला पाहिजेस." मी काढून आलो. फोटोत पाय दिसत होते, त्यांवरचे केस काढायचे कुणाला सुचले नव्हते. गल्लीतली मुले मला पुढे दोन वर्षे 'सातवी ड' म्हणत. मी सातवी ब मध्ये होतो.

वकीलसाहेबांनी तो पोशाख कार्यालयात फ्रेम करून लावावा. पट्ट्या दिसतील असा.

कलम ४. निकालाची एक प्रत मी बाबांसाठी पूर्ण कापडी बांधणीत बांधली आहे, सोनेरी अक्षरांत. ती त्यांना द्यावी. मी तो निकाल गिऱ्हाइकांसाठी अकरा वेळा बांधला आहे आणि दर वेळी वाचला आहे. 'विद्यार्थी' हा शब्द त्यात तीनशे आठ वेळा येतो. त्या विद्यार्थ्याने काही म्हटल्याचे एकदाही येत नाही. बाबांच्या प्रतीत एकतिसाव्या पानानंतर मी एक कोरे पान शिवले आहे. ते चुकून राहिलेले नाही.

आज ज्याचे पुस्तक शिकंज्यात आहे तो मुलगा सकाळी म्हणाला, "दादा, पान दोनशे बारा शिवणीत जाऊ देऊ नका हं. ते परीक्षेला हमखास येतं."

मी विचारले, "काय आहे त्यात?"

"एक विद्यार्थी. भारी केस आहे. मुलांचं ऐकून घ्यायचा हक्क."

"त्या पोराचं पुढे काय झालं?"

"काय होणार? जिंकला की."

"म्हणजे परत शाळेत गेला?"

त्याने पिशवी खांद्याला लावली. "ते परीक्षेला नाही," म्हणाला.

कलम ५. माझी हत्यारे: टोचा, दोन सुया, हाडाची पट्टी, पानांवर आकडे छापायचे मशीन, लहान शिकंजा. ही सर्व ताईला. तिचा हात आईसारखा सरळ चालतो. माझी खिडकीजवळची जागा तिला देण्याचे मालकांनी कबूल केले आहे. ते म्हणाले, "तुझ्यापेक्षा कमी बोलली म्हणजे झालं." मी दिवसाला वीस वाक्येही बोलत नाही, त्यामुळे हा विनोद असावा. मुंगीला घेऊन ती बाबांकडेच राहते, म्हणून ताईने ही जागा घ्यावी. मग तिला बाबांच्या ताटातले जेवावे लागणार नाही, आणि त्यांच्या हो ला हो म्हणावे लागणार नाही.

कलम ६. हेच मुख्य कलम आहे.

मुंगीला बाबांनी हट्टाने त्याच शाळेत घातले. "आपल्या निकालाची शाळा आहे," म्हणाले. मग कुठल्याही महाविद्यालयाने निकालावर भाषणाला बोलावले की ते तिला बरोबर नेऊ लागले. मंचावर शेजारच्या खुर्चीत बसवत. शिक्षणाच्या हक्कावर आजोबांचे भाषण ऐकत मुंगी दुसरीच्या वर्गातून एक्केचाळीस दिवस गैरहजर राहिली. डिसेंबरात शाळेने गैरहजेरीबद्दल तिचे नाव काढले. या वेळी नियमाने काढले. शाळेत आता त्यासाठी छापील कागद आहे, 'विद्यार्थ्याचे म्हणणे ऐकून घेतले' असा. नव्या मुख्याध्यापिकाबाईंनी तिला समोर उभे करून विचारले, "बोल, तुझं काय म्हणणं आहे?" मुंगी बोलली नाही. बाईंनी घड्याळ पाहिले, 'काही म्हणणे नाही' असे लिहिले आणि शिक्का मारला.

वकीलसाहेब कागद बघून खुर्चीतून उठलेच. "गप्प बसणं म्हणजे म्हणणं का? अहो, सोन्यासारखा प्रश्न आहे. वर्षानुवर्षे येत नाही असा. फक्त तिला दुसरीकडे कुठे घालू नका."

ताई म्हणाली, "बाबा, पुन्हा?"

बाबा म्हणाले, "अगं, दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे."

आज तिला घरी बसून सहासष्ट दिवस झाले.

गल्लीच्या टोकाला एक साधी शाळा आहे. पत्रे गळतात, पण फळा चांगला आहे. मी जाऊन बसून पाहिला. तिथे जागा आहे. प्रवेशाचा अर्ज मी भरून ठेवला आहे. पालकाच्या सहीची जागा तेवढी मोकळी आहे, ती ताईची आहे. ताईने सही करून मुंगीला वर्गात बसवले की माझ्या खात्यातले एक लाख बारा हजार ताईचे. मुंगीच्या नावाने कोणत्याही न्यायालयात कागद गेला तर ताईला त्यातले काही मिळणार नाही. ताई, हे कठोर आहे हे मला कळते. तू बाबांना घाबरतेस. मला त्याहून जास्त घाबरावेस म्हणून असे लिहिले आहे.

गणवेश नवा घ्यावा. वाढीसाठी माया ठेवू नये. वाढली की दुसरा शिवावा.

कलम ७. बाबांसाठी.

काच मी फोडली.

कपाटात लोलक होता. त्यातून खिडकी कशी दिसते ते मला पाहायचे होते. कपाटाला कुलूप होते. मी फळा पुसायच्या डस्टरने काच फोडली, लोलक डोळ्याला लावला, परत जागेवर ठेवला. चौदा वर्षे मी कुणाशी खोटे बोललो नाही, कारण मला कुणी विचारलेच नाही. मुख्याध्यापकांनी नाही. न्यायाधीशांनी नाही. पहिल्या दिवशी बाबा मला विचारायला वळले होते, तर वकीलसाहेबांनी त्यांचा हात धरला. "त्याने फोडली की नाही हा आपला मुद्दाच नाही. विचारूच नका. विचारलंत तर तो उत्तर देईल."

मी हो म्हटले असते. चार छड्या बसल्या असत्या, घरी दोन थपडा, आणि दुसऱ्या दिवशी मी बाकावर असतो. बाबा, तुम्ही भाषणात म्हणता, "माझं निष्पाप लेकरू." ते टाळ्यांचे वाक्य आहे. मुंगीच्या नावाने दावा लागला तर मालकांनी या कलमाच्या प्रती, तुम्ही जिथे जिथे बोललात त्या चौतीस महाविद्यालयांना पाठवाव्यात. पाकिटांवर पत्ते लिहून झाले आहेत.

निकालाला याने काही होत नाही. तो चांगला निकाल आहे, मला त्यात एकही चूक सापडली नाही. चोराचेही म्हणणे ऐकावे लागते, असेच त्यात आहे. तो माझ्याशिवाय उभा राहतो. सगळे माझ्याशिवायच झाले होते.

बाबांना मी माफ केलेले नाही. तसे कुणी माझ्या वतीने सांगू नये.

कलम ८. गेल्या गुरुवारी इस्पितळात संमतीपत्रावर सही करताना नर्सबाई म्हणाल्या, "तुमचं काही विचारायचं राहिलंय का?" मला बोलता येईना. त्यांनी पेन खाली ठेवले आणि थांबल्या. बाहेर रांग होती तरी थांबल्या. मग मी विचारले की भूल दिल्यावर माणूस झोपेत काही बोलतो का. त्या म्हणाल्या, "बोललात तरी ऐकू आम्ही."

मुंगीही माझ्यासारखीच आहे. मी घड्याळ लावून पाहिले आहे. 'अजून वाढू का' याला ती पावणेदोन मिनिटे घेते. 'कोणता रंग हवा' याला साडेतीन. शाळेने तिला एक मिनिट दिले होते. म्हणून हा कागद वाचून झाला की मालकांनी तिला विचारावे: "तुला शाळेत जायचंय का?" आणि पेन खाली ठेवून थांबावे. दहा मिनिटे. बाबांनी खाकरू नये. वकीलसाहेबांनी तिचे वाक्य पुरे करू नये. ती जे म्हणेल ते बाबांच्या प्रतीतल्या कोऱ्या पानावर लिहावे. ताईने त्यानंतर सही करावी.

कलम ९. आता सहा वाजून दहा मिनिटे झाली आहेत. वरचे सगळे मी पुन्हा वाचले. कलम १ मधले 'मी गेल्यावर आठ दिवसांच्या आत' हे शब्द मी खोडतो आणि शेजारी बारीक सही करतो. त्या जागी 'सोमवार, दिनांक १६ फेब्रुवारी, सायंकाळी पाच वाजता' असे वाचावे. मी जिवंत असलो तरी. इस्पितळातून सोडले नसेल तर माझ्याशिवाय. मेल्यावर म्हणणे ऐकवायचे, तर पंचाण्णव टक्के ते ऐकवलेच जाणार नाही, हा हिशेब आधी माझ्या लक्षात आला नव्हता. घरी आलो तर मला पुन्हा भीती वाटेल आणि मी हा कागद परत मागेन. मालकांनी तो देऊ नये.

ठिकाण: बांधणीचे दुकान, खिडकीजवळचे टेबल.
दिनांक व वेळ: ९ फेब्रुवारी २०२६, सायंकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे.

सही: एक विद्यार्थी (खाली माझी रोजची सहीही केली आहे)

साक्षीदार पहिला: दुकानाचे मालक. सही केली. 'देणार नाही' असे स्वतःच्या हाताने लिहिले.
साक्षीदार दुसरा: शेजारचे मुद्रांकविक्रेते. सही केली. मजकूर वाचला नाही, फक्त मला सही करताना पाहिले. तेवढे पुरते.

जोडपत्र: हिशेब

खर्च झालेले
मुंगीच्या नव्या शाळेची वर्षाची फी, आगाऊ: ४,२००. पावती पाकिटात आहे.
वह्या सहा, घरी बांधलेल्या: कागदाचे ९०.
चौतीस पाकिटे व तिकिटे: ४०८. न वापरल्यास तिकिटे परत करावीत.

देणे
जुन्या शाळेस, कपाटाची एक काच, त्या वेळच्या भावाने: ३४०. वेगळ्या पाकिटात ठेवले आहेत. मुख्याध्यापिकाबाईंकडून पावती घ्यावी.

येणे
मुंगीकडून: वर्तुळाचे क्षेत्रफळ. मुदत, ती आठवीत जाईपर्यंत.