दोन्ही बाजूंनी फोडलेला खांब

आबा, तुम्हाला मारलं त्या दिवसाबद्दल आपण दोघं कधीच बोललो नाही.

बंद पडलेल्या गिरणीचं कापसाचं गोदाम ख्रिस्ती मंडळीनं चर्चसाठी घेतलं होतं. कोयनेच्या भूकंपाची धास्ती अजून गेली नव्हती. पाळकांनी अटच घातली, आधी भिंती मजबूत करा, मग प्रार्थना. दगडी खांबांना आरपार भोकं पाडायची, त्यांतून लोखंडी सळया घालून समोरासमोरच्या भिंती आवळायच्या. तुम्ही तिथले मुख्य गवंडी, आणि मी नुकता डिप्लोमा झालेला तुमचाच सुपरवायझर. कोपऱ्यातल्या खांबापाशी तुम्ही म्हणालात, "हिकडचं भोक चुन्यानं भरून सुकू दे. मग तिकडनं फोडू." आसपास कुणी नव्हतं. मी म्हणालो, "आबा, नकाशा मला कळतो. दोन्हीकडनं फोडा." तुम्ही तेच माणसांना सांगितलंत.

जेवणाच्या सुट्टीआधीच खांब पोटातून फुटला. धूळ खाली बसते तेव्हा दगडफोड्या ढिगाखाली ओरडतोय, गुडघ्याखाली पाय म्हणून काही उरलेलं नाही. त्याचा भाऊ पहार घेऊन धावत येतो. "कुणी सांगितलं रं फोडायला?" मी काही बोलायच्या आत तुम्ही पुढं होता. "म्या." पहारीचा पहिला घाव खांद्यावर, दुसरा जबड्यावर. मग चौघं मिळून लाथा घालतात. तुमचे दात चुन्यात पडलेले मी पाहिले. मी पाच हातांवर उभा होतो. हललो नाही.

घरी आई तुम्हाला चमच्यानं पेज पाजत होती आणि ती लाल होऊन हनुवटीवरून खाली येत होती. मी तुमच्या पायाशी बसून रडायला लागलो, तर डाव्या हातानं तुम्ही अशी कानाखाली वाजवलीत की मी मांडणीवर आपटलो, भांडी खाली आली. "तू कशाला रडतोस? पाय त्येचा गेलाय. उद्या जा. एका बाजूनं भर." तुमचा उजवा हात पुन्हा कधी वर गेला नाही. मी गेलो, तुम्ही सांगितलं तसा खांब उभा केला. तुमच्या माघारी किल्लारीचा धक्का आला, तेव्हाही तिथला दगड हलला नाही. लोक माझं नाव घेतात.

तो दगडफोड्या आता म्हातारा झालाय. अधूनमधून कुबडी टेकत येतो, माझ्या पायरीवर बसून तुम्हाला शिव्या घालतो. "तुजा बाप लई मगरूर व्हता की. कुणाचं ऐकायचा न्हाय." काल मी ठरवलंच होतं, सांगून टाकायचं. तोंडही उघडलं. आणि विचारलं, "चहात साखर आणखी घालू का?"