अकरा टक्के आणि खंबाटकीचा घाट

सानपाडा, नवी मुंबई
माघ महिना, रविवार दुपार

तीर्थरूप दाजींच्या पायांशी धाकट्या मेव्हण्याचा दंडवत.

इकडील सर्व क्षेम आहे. (इकडील सर्व म्हणजे मी. ‘सर्व’ लिहिताना पेन जरा अडखळलं, पण रीत मोडायची नाही म्हणून लिहिलं.) तुमचा डावा गुडघा कसा आहे? आक्काचं बीपी? तांबडी गाय व्याली का? तुम्ही म्हणाल, मानसिंगला काय झालं, हातात फोन असताना पत्र कसलं लिहितोय. तर दाजी, फोनवर आक्का विचारते, ‘जेवलास का?’ मी म्हणतो, ‘जेवलो,’ आणि ती फोन तुमच्याकडं देते. पूर्वी ती अर्धा तास बोलायची, त्यात माझे बोल चारच असायचे, आता तेही खपत नाहीत. आणि तुमच्याशी बोलायला घेतलं की तुम्ही ‘बरं, बरं’ म्हणत राहता. पत्राला ‘बरं, बरं’ म्हणता येत नाही, शेवटपर्यंत वाचावं लागतं, म्हणून पत्र.

आक्का माझ्यावर का रुसली आहे ते तुम्हाला ठाऊक आहे, तरी कागदावर असू द्या. भाऊबीजेला मी यायला निघालो आणि पोचलो नाही. सुनयना गेल्यावरची पहिली दिवाळी आपण कुणीच केली नाही, त्यामुळं तो प्रश्न आपोआप सुटला होता. ही दुसरी. सकाळी सातला निघालो, मागच्या सीटवर आक्काची साडी (आयुष्यात पहिल्यांदा मी एकट्यानं घेतलेली, रंगाबद्दल नंतर बोलू), आणि इलेक्ट्रिक गाडी भरून शंभर टक्के. खंबाटकीच्या अलीकडं हॉटेलवर पोचेपर्यंत चार्जिंग उतरून अकरा टक्क्यांवर आलं. तिथलं मशीन बंद. अकरा टक्क्यांत घाट कसा चढायचा? म्हणून मी तुम्हाला फोन केला आणि मागं फिरलो. तुम्ही एवढंच म्हणालात, ‘बरं. सावकाश जा.’ दुसऱ्या दिवशी तुमच्याकडूनच कळलं की आक्कानं ताट घेऊन अंगणात जाऊन चंद्राला ओवाळलं. भाऊ असून चंद्राला ओवाळायची पाळी आली तिच्यावर. आणि बीजेचा चंद्र तो, तोसुद्धा दोन मिनिटं टेकून मावळला असणार.

तेव्हापासून मनात घेतलं की पुन्हा चार्जिंगचं कारण सांगायचं नाही. दुसरी गाडी घ्यायची, आणि ती प्लग-इन हायब्रिड. आता हे काय प्रकरण आहे ते समजावून सांगतो, कारण मला समजायला तीन आठवडे लागले आणि तुम्ही पडलात एसटीचे ड्रायव्हर, तुम्हाला डिझेलशिवाय काही पटत नाही. (आमची इलेक्ट्रिक पहिल्यांदा बघितलीत तेव्हा म्हणाला होतात, आवाज नाही ती गाडी कसली. सुनयना दोन दिवस तुमच्याशी नीट बोलली नव्हती, कारण गाडी तिनं पसंत केली होती. पेट्रोलच्या वासानं तिला गाडी लागायची.) तर प्लग-इन म्हणजे एका घरात दोन चुली. रात्री वायर लावायची, सकाळी पन्नास-साठ किलोमीटर विजेवर पळते, आणि वीज संपली की पेट्रोलचं इंजिन आपोआप सुरू होतं. साधं हायब्रिडही असतं, त्याला वायर नसते, ते चालता चालता आपलं आपण भरून घेतं. ते मला नको होतं. संध्याकाळी खाली जाऊन वायर लावायची, सकाळी जाऊन काढायची, एवढं एक काम मला लागू झालंय, दाजी. घरात कुणाचं तरी काहीतरी करावं लागतं हे बरं असतं.

शोरूममध्ये उन्नती नावाची मुलगी आहे, बेलापूरजवळच्या दिवाळे गावची. आई मासळी विकते, मुलगी गाड्या विकते, आणि दोघींचा माल ताजा आहे हे मी आधीच सांगून ठेवतो. तिनं खुर्ची दिली, थंड पाणी दिलं, आणि पहिलाच प्रश्न विचारला, ‘सर, घरात किती जण?’ फॉर्मवर तसा रकानाच आहे. मी चाळीस वर्षं वाशीच्या मार्केटात कांदा-बटाटा विकला, समोरचा भाव विचारायच्या आत मी उत्तर तयार ठेवायचो, पण या प्रश्नाला तोंडातून ‘दोघं’ निघून गेलं. तिनं रकान्यात दोन लिहिलं. लिहिलेलं खोडायला सांगणं बरं दिसेना.

एकदा दोघं म्हटल्यावर पुढचं सगळं त्याच हिशेबानं आलं. मॅडमना काय आवडतं, तिनं विचारलं. हे मात्र मला तोंडपाठ होतं. मॅडमना उंच गाडीत चढायला त्रास होतो. मॅडमना चहाचा थर्मास ठेवायला जागा लागते, उभा, कलंडता कामा नये. मॅडमना मागं डिकी मोठी लागते, कारण गावाहून येताना आक्का तांदूळ, घेवडा आणि काय काय भरून देते. दाजी, या अटींवर मी तीन गाड्या नापसंत केल्या. एका गाडीला छप्पर उघडायची सोय होती, मी म्हटलं, मॅडमच्या केसांना वारा सोसत नाही. एवढा वेळ सुनयनाबद्दल कुणी मला विचारलं नव्हतं. लोक समोर आले की दुसराच विषय काढतात, आणि मीही काढतो. म्हणून मी दर मंगळवारी शोरूमला जायला लागलो. गाडी निवडण्यात माझी एवढी हुशारी बघून तिथला मॅनेजर मला बिस्किटंही द्यायला लागला होता.

उन्नती म्हणाली, सर, प्लग-इन आपल्याकडं मोजक्याच, आणि महाग, शिवाय थांबावं लागेल. मी म्हटलं, थांबायला माझ्याकडं वेळच वेळ आहे. ती म्हणाली, मग जुनी इलेक्ट्रिक एक्स्चेंजला द्या. मी म्हटलं, ती मॅडमची आहे. मग तिनं विचारलं रोज किती चालते. मी खरं सांगितलं: सानपाडा ते मार्केट आणि परत, अकरा किलोमीटर. (गाळा भाड्यानं दिलाय, तरी रोज सकाळी जातो. तिथले हमाल अजून ‘शेठ’ म्हणतात आणि एक चहा पाजतात.) तिनं गणित मांडलं आणि म्हणाली, एवढ्यात तर पेट्रोल टाकीत पडून शिळं होईल. मग वीज संपल्यावर काय होतं ते मी तिला पुन्हा विचारलं. ती म्हणाली, दुसरं इंजिन लगेच ओढायला लागतं, आत बसणाऱ्याला कळतसुद्धा नाही. मी म्हटलं, एक बंद पडलं आणि दुसऱ्याला कळत नाही, असं कसं होईल? ती म्हणाली, सर, अजिबात जाणवत नाही, चालवून बघा. मी चालवून बघितली. खरंच जाणवलं नाही. मला तर ती गाडी जरा निर्दय वाटली, पण घ्यायची ठरवली.

इकडं सोसायटीत वेगळाच घोळ. एका फ्लॅटला एक पार्किंग, दुसऱ्या गाडीसाठी अर्ज केला तर सेक्रेटरी वामनरावांनी तो मिटिंगमध्ये मोठ्यानं वाचला आणि विचारलं, ‘एका माणसाला दोन गाड्या कशाला?’ लोक हसले. मीही हसलो. कॅनडातून राजवर्धननंही तेच विचारलं. (त्याच्या फोनवर माझी गाडी दिसते. मधेच कधी मार्केटला गेलो नाही आणि गाडी चार दिवस जागची हलली नाही की त्याचा फोन येतो, ‘बाबा, गाडी बंद आहे का?’ मी म्हणतो, नाही, मीच बंद आहे. त्याला विनोद वाटतो. पोरगं गुणी आहे, फक्त फोनवर त्याला गाडीचे टक्के दिसतात, बापाचे दिसत नाहीत.)

शेवटी गेल्या मंगळवारी उन्नती गाडी घेऊन घरीच आली, मॅडमना दाखवायला. मी तिला तीन वेळा सांगितलं होतं की मॅडम बाहेर गेल्यात, पण चौथ्यांदा सांगायचं जिवावर आलं आणि मी म्हटलं, ये. ती आली, चपला बाहेर काढल्या, आत पाऊल टाकलं, आणि समोरच फोटो. हार मी रोज बदलतो, त्या दिवशी शेवंतीचा होता. तिनं जाऊन फोटोला नमस्कार केला आणि स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, काका, तुमी बसा, चाय मी करतंय. ‘सर’चं ‘काका’ कधी झालं ते माझ्या लक्षात आलं नाही. चहा पिता पिता मी तिला भाऊबीजेची सगळी गोष्ट सांगितली, बंद मशीन, अकरा टक्के, घाट, आक्का, चंद्र, म्हणजे तिला पटावं की दुसरी गाडी किती गरजेची आहे. तिनं सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाली, ‘काका, अकरा टक्क्यांत घाट चढत नव्हता, मंग तुमी घरी कसं आलाव?’

मी तिला विचारलं, अजून साखर हवी का.

असो. पत्र लांबलं. आक्काला साष्टांग नमस्कार, गुरांना हिरवा चारा, आणि तुम्हाला तुमची तंबाखू लखलाभ होवो, एवढंच मागून थांबतो.

आपला,
मानसिंग

ता. क. – गाडी घेत नाही. फॉर्म उन्नतीनंच फाडला. मॅनेजर तिला बोलला असेल, मला आता बिस्किटं मिळणार नाहीत. जाताना म्हणाली, बहिणीकडं जाल तवा दिवाळ्याला या, आई सुकट देईल. काल जाऊन आणली. आता इलेक्ट्रिक गाडीला पेट्रोलचा वास नाही, पण सुकटीचा आहे. सुनयनाला हा वास चालायचा.

ता. क. २ – हे आक्काला वाचून दाखवू नका. किंवा दाखवा, तुमचं तुम्ही ठरवा. अकरा टक्के खोटे आहेत, दाजी. हॉटेलवर पोचलो तेव्हा एक्कावन्न होते आणि मशीन उत्तम चालू होतं. वायर लावून आत बसलो. दरवर्षी आम्ही तिथंच थांबायचो. वेटरनं लांबूनच दोन बोटं दाखवून विचारलं, दोन? मी मान हलवली. दोन चहा आले, दोन्ही मीच प्यायलो. बाहेर आलो तर गाडी त्र्याण्णव टक्के भरलेली होती, तुमचा उंबरा गाठून परत यायचंही जमलं असतं. पण मला अंगण दिसायला लागलं. गाडी आत येणार, आक्का भाकरतुकडा घेऊन धावत येणार, आणि सवयीनं डाव्या दाराशी उभी राहणार. कारण आधी सुनयना उतरायची, साडीची पिशवी घेऊन, आणि मी मग गाडी चिंचेखाली लावायचो. आक्का दाराशी उभी राहणार आणि ते दार उघडणार नाही. एवढं मला बघवलं नसतं. म्हणून फिरलो. तुम्ही तीस वर्षं एसटी चालवलीत. अकरा टक्क्यांत जी गाडी घाट चढत नाही ती एवढी लांब सानपाड्याला कशी पोचणार, हे तुम्हाला फोनवरच कळलं असणार. तरी तुम्ही ‘सावकाश जा’ म्हणालात. याबद्दल मी तुमचा फार ऋणी आहे, हे तोंडावर सांगता येत नाही.

ता. क. ३ – आता मूळ काम. पुढच्याच्या पुढच्या रविवारी येतोय. बीज असो नसो, आक्कानं ओवाळावं, नाही ओवाळलं तरी येतोय. साडी दिवाळीपासून डिकीत आहे, रंग काहीसा वांग्यासारखा आहे, तिला हसू देऊ नका. तुम्ही एक करा. साडेबाराच्या सुमारास फाट्यावर येऊन उभे राहा. जन्मभर तुम्ही फाट्याफाट्यावर लोकांना घेतलंत, एकदा मी तुम्हाला घेतो. तंबाखू तिथंच थुंका, सीट पांढरी आहे, सुनयनानं निवडलेली. फाट्यापासून घरापर्यंतचे तीन किलोमीटर माझ्या डाव्या बाजूला बसा, बोललं नाही तरी चालेल. अंगणात गाडी थांबली की आधी तुम्ही दार उघडा आणि साडीची पिशवी घेऊन उतरा. आक्का हसेल, नाहीतर रडेल, तुम्हाला वेड लागलं म्हणेल, काहीही म्हणू दे. मग मागून मी उतरतो.