नाक समोर, साठ सेकंद

तीर्थस्वरूप ताईंना सादर नमस्कार.

तुमचं पत्र येऊन तीन आठवडे झाले आणि उत्तर आत्ता जातंय, म्हणून आधीच कान पकडते. खोकला कसा आहे? औषधाची बाटली नुसती उशाशी ठेवून खोकला जात नाही, हे माझ्या बाळंतपणात तुम्हीच मला ऐकवलं होतंत. सूनबाईंची बदली रद्द झाली हे वाचून बरं वाटलं. इकडे सगळं व्यवस्थित आहे. तुमच्या भावाची प्रकृती उत्तम आहे, फक्त एक दाढ गेली. ती कशी गेली हे नीट सांगायचं तर हेलिकॉप्टरपासून सुरुवात करावी लागेल, तेव्हा चष्मा लावा आणि निवांत बसून वाचा.

पाणीपुरवठा कार्यालयात एकतीस वर्षं काढून, त्यातली शेवटची नऊ विभागप्रमुखाच्या खुर्चीत बसून, हे गेल्या वर्षी निवृत्त झाले ते तुम्हाला ठाऊकच आहे. निरोपसमारंभात सात वक्त्यांनी यांना 'आता एखादा छंद जोपासा' असं सांगितलं. आठवी मी सांगणार होते, पण बायकोला बोलू देण्याची तिथे पद्धत नव्हती. पहिले दोन महिने छंद म्हणून यांनी माझं स्वयंपाकघर तपासलं. डब्यांना क्रमांक दिले. साखर हवी असेल तर आधी यादी पाहायची, मग डबा क्रमांक चौदा उघडायचा (आणि यादी सापडली नाही तर यांना विचारायचं, हे 'बघून कळवतो' म्हणायचे). त्यामुळे एके दिवशी हे हातभर लांब हेलिकॉप्टर, रिमोट आणि जाडजूड माहितीपुस्तिका घेऊन दारात उभे राहिले तेव्हा, खोटं कशाला सांगू, मला देव पावला.

शहराबाहेर बंद पडलेल्या काचेच्या कारखान्यामागे मोठं पटांगण आहे. दर रविवारी सकाळी तिथे प्रौढ पुरुष जमून खेळण्यातली हेलिकॉप्टरं उडवतात. उडवतात म्हणजे तासभर उडवतात आणि दोन तास सभा घेतात. त्यांची नियमावली बावीस पानांची आहे. त्यात दोन पानं हेलिकॉप्टरची आणि उरलेली वीस कोणी कुठे उभं राहायचं, कोणाला काय म्हणायचं याची. अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. समोरच्याचं तोंड उघडं आहे आणि त्यात कापूस आहे असं धरूनच ते सगळ्यांशी बोलतात. नवशिक्याला लाल टोपी, आणि 'नाक समोर' ही परीक्षा उतरलेल्याला निळी. लाल टोपीवाल्याने दोरीच्या मागे उभं राहायचं, मत द्यायचं नाही, आणि निळ्या टोपीवाल्याला 'सर' म्हणायचं. आता आमचा इस्त्रीवाला निळी टोपीवाला आहे. म्हणजे रविवारी यांनी त्याला 'सर' म्हणायचं आणि सोमवारी त्याने कपडे न्यायला येऊन यांना 'साहेब' म्हणायचं. दोघांचीही कुचंबणा. त्यातल्या त्यात तो बिचारा हसून म्हणायचा, यांना मात्र ते 'सर' घशात माशाच्या काट्यासारखं अडकायचं. काहीही करून निळी टोपी मिळवायचीच, असा यांनी चंग बांधला.

'नाक समोर' म्हणजे काय ते सांगते, कारण सगळी गोम तिथेच आहे. हेलिकॉप्टर शेपूट आपल्याकडे करून हवेत उभं असलं की सगळं सरळ असतं. रिमोटवरची दांडी उजवीकडे केली की ते उजवीकडे जातं, पुढे ढकलली की लांब जातं. हे यांना दोन महिन्यांत जमलं. पण तेच गरकन वळून आपल्याकडे तोंड करून उभं राहिलं, की त्याची उजवी ती आपली डावी. डावीकडे कलंडलं म्हणून घाबरून दांडी उजवीकडे ओढावी, तर ते आणखी डावीकडे जातं. अंगावर येतंय म्हणून 'जा, जा' करत दांडी पुढे ढकलावी, तर ते आणखी अंगावर येतं, कारण त्याचं 'पुढे' म्हणजे आपणच. असं साठ सेकंद एका जागी तरंगत ठेवायचं. ताई, एकतीस वर्षं यांच्या टेबलासमोर उभ्या राहिलेल्या प्रत्येकाने साहेबांची उजवी तीच आपली उजवी मानलेली. यांना हे जमणार कसं?

संगणकावर सरावासाठी खोटं हेलिकॉप्टर मिळतं. ते यांनी पंधरा दिवसांत दोनशे अकरा वेळा पाडलं. (आकडा माझा नाही. यांनी तारीखवार वही ठेवली आहे. तीत 'कारण' या सदराखाली वारा, बॅटरी, उजेड, शेजाऱ्यांचा मिक्सर अशा नोंदी आहेत. संगणकात वारा कुठून आला हे मी विचारलं नाही.) मग वीतभर लांबीचं एक खरं आणलं, बैठकीच्या खोलीसाठी. त्याने पडदा फाडला, भिंतीवरचं घड्याळ थांबवलं, आणि एकदा मी केर काढत असताना माझ्या अंबाड्यात येऊन बसलं. हे धावत आले आणि आधी त्याचे पंखे तपासले. डोकं नंतर.

पहिल्या परीक्षेला मी मुद्दाम गेले होते. यांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता (इस्त्री परीक्षकाचीच). हेलिकॉप्टर वर गेलं, सुरेख वळलं, नाक यांच्याकडे करून सहा सेकंद उभं राहिलं. मग ते जरासं पुढे आलं. यांनी दांडी पुढे ढकलली. ते आणखी पुढे आलं. यांनी आणखी ढकलली आणि स्वतः मागे सरकले, मग वळून चक्क पळत सुटले, रिमोट छातीशी धरून, अंगठा दांडीवर तसाच दाबलेला! त्यामुळे मागे हेलिकॉप्टर, पुढे पाणीपुरवठ्याचे माजी विभागप्रमुख, अशी मिरवणूक अध्यक्षांच्या मंडपाकडे निघाली. इस्त्रीवाला ओरडत होता, "साहेब, दांडी सोडा! दांडी सोडा!" पण लाल टोपीवाल्याला साहेब म्हणायचं नाही हा नियम असल्यामुळे ते आपल्याला उद्देशून आहे हे यांच्या लक्षातच आलं नाही. शेवटी हे पाय अडकून आडवे झाले आणि हेलिकॉप्टर यांच्यावरून जाऊन अध्यक्षांच्या खुर्चीत घुसलं. खुर्ची रिकामी होती. ती क्षणापूर्वीच, वयाला न शोभणाऱ्या चपळाईने, रिकामी झाली होती.

घरी येऊन यांनी चार पानी अहवाल लिहिला. नैर्ऋत्येकडून अनपेक्षित झुळूक आली होती म्हणे. मी म्हटलं, झुळुकीला तुम्ही दिसलात तरी कसे, दोरीच्या मागे होता ना? दोन दिवस यांनी रिमोटला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी पाहिलं तर खिडकीशी बसून मोडलेला पंखा हातात फिरवत होते. ताई, त्या दिवशी मला हसू आलं नाही. निवृत्तीनंतर यांच्याकडे कोणी येत नाही, फोनही फारसा वाजत नाही. तो रविवार सोडला तर आठवड्यात यांची वाट पाहणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि आता तिथेही हे पळाले होते, तेही सर्वांसमक्ष.

पंखा बदलून सराव पुन्हा सुरू झाला, पण आता हे दातओठ खाऊन उडवायला लागले. शब्दशः. चौथ्या दिवशी कट्ट असा आवाज आला. मला वाटलं हेलिकॉप्टरचं काही मोडलं, तर यांची दाढ. शहरात दातांचे डॉक्टर पुष्कळ, पण यांनी क्लबच्या अध्यक्षांकडेच जायचं ठरवलं. मनात असं, की खुर्चीत बसल्या बसल्या झुळुकीचं प्रकरण समजावून सांगता येईल. तोंडात दोन नळ्या आणि चिमटा असताना कसलं समजावतात! डॉक्टरांनीच चार बैठकांत यांना नियमावली समजावली आणि शेवटच्या बैठकीत दाढ काढली.

त्या चार दुपारी घर रिकामं होतं. पहिल्या दुपारी मी संगणकावर धूळ पुसायला म्हणून बसले. आणि ताई, काय सांगू, मला जमलं! मी प्राथमिक शाळेत सत्तावीस वर्षं कवायत घेतली ते तुम्हाला माहीत आहेच. पहिलीची पोरं समोर उभी असतात. तोंडाने 'उजवा हात वर' म्हणायचं आणि आपला डावा वर करायचा, कारण पोरं ऐकत नाहीत, बघतात. समोरच्याची उजवी ती आपली डावी, हे माझ्या हाडांत मुरलेलं. एकच गोष्ट ध्यानात ठेवायची: ज्या बाजूला ते पडायला लागतं त्याच बाजूला दांडी न्यायची, पोर कलंडलं की आपण खालून हात देतो तशी. तिसऱ्या दुपारी मी वीतभर हेलिकॉप्टर मागच्या अंगणात नेलं. चौथ्या दुपारी ते पायपुसण्याच्या बरोबर वर, नाक माझ्याकडे करून, असं शहाण्यासारखं उभं होतं की माझंच मला कौतुक वाटलं. तेवढ्यात मागे चाहूल लागली. हे दारात उभे. अर्धं तोंड बधिर, गालात कापूस.

मी उतरवलं नाही. पुरती दोन मिनिटं होऊ दिली. मग अलगद पायपुसण्यावर ठेवलं.

हे पायरीवर बसले. हेलिकॉप्टर उचलून त्याचे पंखे तपासले. मला वाटलं आता अहवाल. पण हे म्हणाले, "शिकवशीव?"

(कापसामुळे 'ल' येत नव्हता. पण लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत यांनी मला इतकं नीट काही विचारलं नव्हतं.)

विद्यार्थी म्हणून तुमचे भाऊ अवघड आहेत. आधी सूचना लेखी मागितल्या. दिल्या, तर त्यांत दोन व्याकरणाच्या चुका काढल्या. मग मी सरळ यांच्या मागे उभी राहून दोन्ही मनगटं धरली आणि पहिलीच्या वर्गासारखं मोठ्याने म्हणायला लागले, "पडतंय तिकडे हात! पडतंय तिकडे हात!" शेजारीण भिंतीवरून बघायला आली आणि कुणाला लागलंय का विचारून गेली. वीस दिवसांनी हे एकटे, डोळ्यांत पाणी येईपर्यंत न मिचकावता, साठपर्यंत पोचले.

गेल्या महिन्यात दुसरी परीक्षा झाली. घड्याळ इस्त्रीवाल्याच्या हातात. चाळिसाव्या सेकंदाला हेलिकॉप्टर जे कलंडलं, त्याबरोबर दोरीच्या मागून माझा हात आपोआप त्या बाजूला गेला. यांचा अंगठाही तिकडेच गेला. सावरलं. साठ झाले तेव्हा इस्त्रीवाला हळूच म्हणाला, "साहेब, झालं. उतरवा." आणि हे म्हणाले, "हो, सर." त्या वेळी मात्र ते घशात अडकलं नाही.

निळी टोपी घालून यांनी अकरा मिनिटं भाषण केलं. अध्यक्षांचे आभार मानले, समितीचे मानले, हेलिकॉप्टर बनवणाऱ्यांचे, हवामानाचे, स्वतःच्या चिकाटीचे, आणि शेवटी 'घरच्यांच्या सहकार्याचे'. घरचे म्हणजे मी. सहकार्य म्हणजे वरचा सगळा मजकूर.

असो. माणूस आनंदात आहे, डब्यांवरचे क्रमांक निघाले आहेत, आणखी काय हवं? माझं म्हणाल तर मला त्या खेळण्यात काडीचाही रस नाही. आपलं घर बरं आणि आपण बरे. तुमच्या यजमानांना नमस्कार, सूनबाईंना आशीर्वाद, आणि खोकल्याचं औषध चमच्याने मोजून घ्या.

तुमची भावजय

ता. क. यांच्या परीक्षेनंतरच्या रविवारी मीही परीक्षा दिली. दोन मिनिटं दहा सेकंद. बाईला परवानगी आहे का हे बघायला डॉक्टरांनी बावीसही पानं चाळली, पण मनाई कुठेच सापडली नाही, कारण अशी वेळ येईल हे कुणाच्या ध्यानीमनीच नव्हतं. टोपी मला जरा सैल होते.

ता. क. दुसरा. मुख्य काम राहिलंच. क्लबच्या सचिवांनी राजीनामा दिला आहे आणि येत्या वीस तारखेला निवडणूक आहे. उमेदवार दोन: तुमचे भाऊ आणि मी. माझ्या मोजणीप्रमाणे सहा मतं यांच्याकडे, सहा माझ्याकडे, अध्यक्ष तटस्थ. तेव्हा कृपा करून यांना सोळा ते बावीस तुमच्याकडे बोलावून घ्या. घराला रंग द्यायचा आहे आणि रंगाऱ्यांवर नजर ठेवायला अनुभवी माणूस हवा, असं कळवा. हे धावत येतील. हे पत्र वाचलंत की फाडून टाका.

ता. क. तिसरा (अक्षर ओळखलं असशीलच). ताई, हिने पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडेच दिलं, पाकीट चिकटवायला विसरली. वाचलं. माझ्याकडे सहा मतं आहेत असं हिला वाटतं. मला शोधून तीन सापडली, त्यातलं एक माझं. म्हणून उमेदवारी मी परवाच मागे घेतली आहे. हिला अजून सांगितलेलं नाही, कारण प्रचाराचे दिवस असल्याने सध्या घरात माझ्याशी फार गोड बोलते. वीस तारखेपर्यंत तूही बोलू नकोस.