पास आणि पेट्रोल

प्रिय धाकट्या,

परवा फोनवर तू मला गणित शिकवलंस, की बसचा पास आणि मोटरसायकलचं पेट्रोल जवळपास सारखंच पडतं, वर वेळ वाचतो. मी नुसतं हो हो केलं, कारण तुझे आजोबा शेजारीच बसले होते. म्हणून आता लिहिते. अक्षर वाकडं आहे, लावून वाच.

पेट्रोल धरलंस, बाकीचं काय तुझा सासरा भरणार? तोही अजून मिळायचाय. ऑइल, चेन, मागचा टायर, विमा, तुझ्या कामाच्या गोदामाबाहेर गाडी लावायचे पैसे. भिजून तापाने आठवडाभर पडलास, तो डॉक्टर कोणाच्या खात्यावर मांडलास? पास कधी पंक्चर होत नाही. पण वेळ वाचतो, हे तुझं खरं. दोन बस बदलणं आणि मधलं ताटकळणं गेलं. फक्त ते ताटकळणं तू आमच्या घरात काढायचास. दुसरी बस येईपर्यंत बूटसुद्धा न काढता दारातल्या खुर्चीत चहा प्यायचास आणि साहेबाचा उद्धार करायचास. आजोबा तुला थांब्यावरून आणायचे आणि परत बसमध्ये बसवून द्यायचे, जसा काही एवढा घोडा वाट चुकणार होता. आता तू नव्या पुलावरून परस्पर जातोस. जा. सरळ रस्ता सोडून वळसा कोण घालेल? मीही घातला नसता.

पण ते अजून रोज संध्याकाळी थांब्यावर जातात. त्यांचं डोकं आता साथ देत नाही, हे मी तुला नीट कधी सांगितलं नाही. माझं नाव विसरतात, जेवलो की नाही विसरतात, बसची वेळ मात्र चुकत नाहीत. बस रिकामी होऊन निघून जाते, तरी हे उभेच. मी हात धरून आणायला गेले की म्हणतात, "पुढच्या बसला असेल."

गेल्या महिन्यात तू गाडीवरून आलास, हेल्मेट काढून समोर उभा राहिलास, तर ते तुला "बसा" म्हणाले आणि चपला घालून बाहेर पडले. तुला वाटलं रागावले. तोंड पाडून गेलास, मीही तसंच जाऊ दिलं. रागावले नव्हते रे. त्यांचा नातू बसमधून उतरतो. गाडीवरून आलेला माणूस त्यांच्या ओळखीचा नव्हता. तू आमच्या खुर्चीत बसला होतास आणि ते तुलाच आणायला गेले होते.

आता थांब्यावर कागद चिकटवलाय. प्रवासी उरले नाहीत, महिनाअखेर ही बस बंद. गाडी विक असं मी म्हणत नाही, हप्त्यांवर घेतलीस, ते हप्ते फेड. पण बस बंद व्हायच्या आत एकदा नेहमीच्या बसने ये. मागच्या दाराने उतर, ते तिकडेच बघत असतात. त्यांच्यासमोर रडबिड नको, घाबरतात. चहा पी, आणि त्यांना तुला बसमध्ये बसवून देऊ दे. बस बंद झाली तरी ते जायचं सोडणार नाहीत, हे मला माहीत आहे. रोज "तो येऊन गेला" असं सांगूनच मी त्यांना घरी आणते. तू एकदा आलास, तर ते अगदीच खोटं राहणार नाही.

तुझीच, तोंडाने फटकळ,
आजी